शिवणीची जागा सोडलेला हत्ती

चित्र काढून ओळखायचा खेळ रंगला, की अण्णांच्या जोडीला नेहमी आईच असायची, कारण त्यांचं चित्र दुसऱ्या कुणाच्या बापाला कळत नसे. उभा जन्म शिंपीकामात गेलेला. कुठलीही वस्तू ते बेतलेल्या कापडासारखी सुटी सुटी काढत आणि आई ते तुकडे मनातल्या मनात शिवून झटक्यात उत्तर देई. आई गेल्यापासून दोन वर्षं अण्णांनी खेळात पेन्सिल धरली नव्हती.

आज थोरली लेक हट्टाने त्यांच्या जोडीला बसली. "काढा हो अण्णा, मी ओळखते."

अण्णांनी चिठ्ठी वाचली. मग दोन मोठे गोल, चार सारखे चौकोन, एक भलाथोरला तुकडा आणि निमुळती होत जाणारी लांब पट्टी काढली. शिवणीसाठी अर्धा इंच जागाही सोडली.

"आजोबा, पायजमा का?" नातवंडं खिदळली.

लेक कागदावर वाकली. आता नाही ओळखलं, तर अण्णा पुन्हा कधी खेळायचे नाहीत. गोल दोन, म्हणजे जोडी. खिसे? छे, कान! "हत्ती!" ती ओरडली, तोवर ठरलेलं एक मिनिट उलटून गेलं होतं.

"गुण नाही!" तिचा भाचा म्हणाला.

अण्णांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "सोंड एवढी ढळढळीत दिसतेय! तुझ्या आईने एव्हाना तीन जनावरं ओळखली असती."

"मग शिकवा की मला."

"शिकवायलाच लागणार," असं पुटपुटत अण्णा पेन्सिलीला टोक काढू लागले.