क्षणभर उतरणारे विमान

मित्रांनो, लोक मला तोंड समजतात, पण मी खरे तर कान आहे. मी एक जुना माईक आहे. माझ्यासमोर जे बोलले जाते ते मी ऐकतो आणि तारेतून कर्ण्यापर्यंत पोचवतो. माझे स्वतःचे असे मी आजच पहिल्यांदा बोलतो आहे. मला अक्षरे येत नव्हती. शब्द कागदावरही राहतात हे मला फार उशिरा कळले, आणि ते कळले त्याच दिवसापासून माझे दुखणे सुरू झाले.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या पोटातला पातळ पडदा बोटांनी ताणून बसवला, त्यावर हळूच फुंकर मारली आणि म्हणाली, "हा ऐकतो." एवढेच माझे बारसे. मग पेंढ्यात गुंडाळून मला स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या एका बेटावर धाडण्यात आले.

आमचा विमानतळ म्हणजे एक पुळण. ओहोटीला वाळू उघडी पडली की छोटे विमान तिच्यावर उतरायचे, माणसे आणि टपाल घ्यायचे, आणि भरतीचे पाणी यायच्या आत उडून जायचे. इमारत म्हणजे एक खोली, चहाचा ओटा आणि खिडकीपाशी माझे टेबल. माझे दोन कर्णे होते. एक खोलीत, दुसरा छपरावर, समुद्राकडे तोंड करून.

माझ्यासमोर मर्डिना बसायची. तिचा आवाज जाडसर, पण उबदार होता. "शिंपले वेचणाऱ्यांनो, बाजूला व्हा, विमान येतंय. रॉडी, तुझी बादली वाळूतच राहिली बघ!" असे ती म्हणाली की पुळण रिकामी व्हायची. वारा फार असला तर ती सांगायची, "आज विमान येत नाही. घरी जा, नाहीतर चहा प्या." कुणी रागवत नसे. मर्डिनाने सांगितले म्हणजे ते खरेच असायचे. दर शनिवारी ती मला मऊ फडक्याने पुसायची, आणि मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मला माझा फार अभिमान वाटायचा.

पुढे विमान कंपनी बदलली. मोठ्या शहरातून प्रेंटिस नावाचे तरुण साहेब आले. माणूस वाईट नव्हता; आल्या दिवशीच त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. पण त्यांच्याबरोबर कागद आले. आता मर्डिनाने मनाचे काही बोलायचे नाही, कागदात आहे तेच वाचायचे.

"अतिथींनी कृपया नोंद घ्यावी," मर्डिना वाचू लागली, "की आपण या क्षणी विमानारोहणाची प्रक्रिया प्रारंभ करीत आहोत."

सामान उचलणारा म्हातारा लाखलन दारातूनच ओरडला, "पोरी, कसली प्रक्रिया? मासे डब्यात भरतात तसली?"

"चढा म्हणतेय मी, लाखलनकाका."

"मग चढा म्हण की! आणि अतिथी कोण आलेत? मला तर आपलीच माणसं दिसतायत."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण माझ्या पडद्यावर ते शब्द खडीसारखे आपटत होते. हळूहळू लोकांनी ऐकणेच सोडले. मर्डिना वाचायची आणि माणसे आपसात बोलत राहायची. मित्रांनो, माईकला याहून मोठे दुःख नाही.

आता त्या दिवसाचे सांगतो.

एफीमावशी त्या दिवशी ग्लासगोला निघाली होती. तिचा एक डोळा केव्हाच गेला होता आणि दुसऱ्यावर पडदा धरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात शस्त्रक्रिया होती. ही तारीख चुकली तर पुढची हिवाळ्यानंतर, आणि तोवर डोळ्यात फारसे काही उरणार नाही, असे डॉक्टर स्पष्ट बोलले होते. मावशी नवा निळा स्वेटर घालून, पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. तिचे गुडघे दुखरे होते. एक पायरी चढायची तर ती आधी पायरीशी दोन गोष्टी बोलायची, असे लाखलन म्हणायचा.

मर्डिनाने कागद उचलला. "अतिथीहो, आपले विमान येथे क्षणभर उतरणार आहे. विशेष साहाय्यापेक्षी अतिथींसाठी पूर्वारोहणाची सुविधा उपलब्ध आहे."

ज्यांनी तो कागद लिहिला त्यांच्याकडे 'लवकरच' म्हणायचे तरी 'क्षणभर'चाच इंग्रजी शब्द, 'मोमेंटरिली', वापरायची पद्धत होती. आमच्या बेटावर क्षणभर म्हणजे क्षणभर. आणि एखाद्या दिवशी भरती लवकर चढली तर विमान खरोखरच पंखे फिरते ठेवून घाईने निघून जायचे, हे सगळ्यांनी पाहिले होते. भरतीच्या तोंडावर दुसऱ्यांना खोळंबवणे, याहून मोठा अपराध आमच्याकडे नव्हता.

मावशी उठली. दाराशी जाऊन लाखलनला हळूच म्हणाली, "माझी पिशवी विमानात घालू नकोस रे. मी घरी जाते."

"अगं, आणि डोळा?"

"क्षणभरात माझा एक गुडघाही वाकत नाही. माझ्यापायी सगळे पाण्यात अडकायला नकोत. पोरंबाळं जाणार आहेत या विमानानं."

लाखलनलाही ते पटले. हीच आमच्या माणसांची चूक. विचारायचे नाही, गुपचूप बाजूला व्हायचे. तो तिला अडवू शकला नाही. नुसता टोपी काढून उभा राहिला.

विमान उतरले. माणसे चढू लागली. मर्डिनाने खिडकीतून मोजदाद केली आणि तिची नजर रिकाम्या खुर्चीवर गेली.

"लाखलनकाका, एफीमावशी कुठंय?"

"गेली घरी. तूच म्हणालीस ना, क्षणभरच आहे म्हणून."

"मी कुठं म्हणाले!" मर्डिना किंचाळलीच. मग तिने हातातल्या कागदाकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

प्रेंटिस साहेब धावत आले. "पण त्यांची सोय होती ना! पूर्वारोहण त्यांच्यासाठीच तर होतं. सगळ्यांच्या आधी, सावकाश, हात धरून."

"मग तिला तसं सांगायचं ना, साहेब! तिला काय कळणार, ती म्हणजे साहाय्यापेक्षी का कोण?"

वैमानिकाला विचारायला साहेब वाळूवर पळाले आणि तिकडूनच त्यांनी हात हलवला: थांबतो आहे, पाणी अजून लांब आहे.

मावशी किनाऱ्याच्या वाटेने जात होती. तिला मागे वळूनही विमान दिसले नसते. तिच्यापर्यंत आता फक्त आवाजच पोचू शकत होता.

मर्डिनाने छपरावरच्या कर्ण्याचे बटण दाबले आणि मला दोन्ही हातांनी धरले. तिच्या हातांना घाम आला होता.

"एफीमावशी, मी मर्डिना बोलतेय. विमान गेलेलं नाही. तुमच्यासाठी उभं आहे. चुकीचं मी बोलले, तुमचं काही चुकलं नाही. मागं वळा. घाई करू नका, पण वाटेत थांबूही नका. लाखलनकाका गाडी घेऊन येतायत."

मी माझ्या पडद्यात होता नव्हता तेवढा सगळा जोर लावला. एकही शब्द सांडू दिला नाही. वाळूवर शिंपले वेचणाऱ्या बायकांनी माना वर केल्या, आणि वाटेवरचा तो छोटा निळा ठिपका उभा राहिला. मग वळला.

लाखलनने सामानाच्या गाडीतूनच तिला आणले. "बस अशीच, टपालाच्या पोत्यावर. कंपनी राणीलासुद्धा असं बसवत नाही!" शिडीशी साहेबांनी स्वतः हात दिला, त्यांचे शहरी बूट ओल्या वाळूत रुतले होते. मावशी एकेक पायरी चढली. विमानातल्या कुणीही घड्याळाकडे पाहिले नाही. विमान उडाले तेव्हा चाकांखालून पाण्याचे शिंतोडे उडाले.

मावशीचा डोळा वाचला. परत आली तेव्हा तिने आधी मर्डिनाला न्याहाळले आणि म्हणाली, "अगं बाई, तू केवढी म्हातारी दिसायला लागलीस!"

मर्डिनाला वरून खरमरीत समज मिळाली, कारण कागदात नसलेले ती बोलली होती. पुढे ती निवृत्त झाली आणि तिच्या जागी बोलणारे यंत्र आले. त्याला ताप येत नाही, घाम येत नाही. मी आता चहाच्या ओट्यावर, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पडून असतो. माझ्यावर धूळ बसली आहे. कुणी पुसले तर आनंद होईल, नाही पुसले तरी तक्रार नाही.

पण मित्रांनो, शब्दांवर धूळ बसू देऊ नका. तुम्ही उद्या मोठे व्हाल, कुणी साहेब व्हाल, तुमच्या हातात माझ्यासारखा एखादा माईक येईल. तेव्हा भारदस्त दिसण्यासाठी बोलू नका. समोर दुखऱ्या गुडघ्यांचे कुणीतरी बसले आहे असे समजून बोला. आणि कुणासाठी थांबला असाल, तर त्याला सरळ सांगा, "आम्ही तुझ्यासाठी थांबलो आहोत."