खालची डाळ

मित्रांनो, कोरेगावजवळच्या एका गावात चुलीमागच्या खुंटीला लटकलेली मी एक जुनी पितळी पळी आहे. माझा दांडा लांब आहे आणि वाटी खोल आहे. एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. या घरची मालकीण रंगूबाई नवी नवरी होती, तेव्हा तिने बाजारात चार पळ्या हातात तोलून पाहिल्या आणि मला घरी आणलं.

तेव्हापासून या घरातली आमटी मीच वाढली. रंगूबाई दरसाल मला कल्हई लावून घ्यायची. पाहुणे आमटीची तारीफ करायचे, तेव्हा मलाही वाटायचं, यात थोडा वाटा आपला आहे.

पण मित्रांनो, एक गोष्ट फक्त तिला आणि मला ठाऊक होती. डाळ नेहमी तळाशी बसते. नवऱ्याला, आकारामआण्णांना वाढताना रंगूबाई मला पार तळापर्यंत घालायची. मुलाला, जयराजला वाढतानाही तसंच. सगळ्यांची जेवणं उरकली की ती एकटी बसायची आणि मला वरच्यावर फिरवून नुसतं पाणी घ्यायची. त्यात भाकरी कुस्करायची आणि जेवण झालं म्हणायची. कोंबडीचं अंडं आण्णांना, दही आण्णांना. दूध तिच्या वाट्याला यायचं ते चहापुरतं.

पुढे जयराज फौजेत गेला. त्याचं लग्न झालं. सूनबाई क्रांती त्याच्याबरोबर पठाणकोटला राहायला गेली. घरात दोघंच म्हातारी माणसं उरली. आता तर डाळ उरायची. तरी रंगूबाई पाणीच घ्यायची. दात पडले, तशी भाकरीही अर्धी झाली.

चौऱ्याण्णव सालचा उन्हाळा होता. चुलीपुढून उठताना रंगूबाईला भिंतीचा आधार लागू लागला. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. एके सकाळी ती उठता उठता तोल जाऊन पडली. आण्णा धावत आले. त्यांनी तिला उचललं आणि घाबरून म्हणाले, "अगं, तुझं वजन गेलं कुठं?"

त्याच दिवशी ते तिला तालुक्याला दवाखान्यात घेऊन गेले. परत आल्यावर शेजारची मनुबाई विचारायला आली.

"काय म्हनले डाक्टर?"

"रोग काय न्हाई म्हनल्या डाक्टरीणबाई," आण्णा म्हणाले. "मी म्हनलं सलाईन लावा. तर म्हनल्या, सलाईननं मांस भरत न्हाई, ते जेवणानं भरतं. म्हातारपणी अंग लवकर झिजतं. रोज डाळ, उसळ, दूध, अंडं पोटात गेलं पायजे. दोन्ही वक्ताला." मग ते रंगूबाईकडे वळले. "अगं, आपल्यात डाळ रोज शिजती. मग जाती कुठं?"

रंगूबाई पदर सावरत चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा ताटावर बसले, पण जेवेनात. "तूबी घे. आज संगं जेवू."

तिने लाजत आपलं ताट घेतलं आणि सवयीने मला वरच्यावर फिरवलं. आण्णा बघत होते.

"हलवून घे की."

"मला आसंच बरं वाटतं."

आण्णांनी तिच्या हातातून मला काढून घेतलं. मित्रांनो, त्यांनी मला जन्मात पहिल्यांदाच हातात धरलं होतं. धरता येत नव्हतं. थोडी आमटी चुलीत सांडली. पण त्यांनी मला तळाला टेकवलं आणि घट्ट डाळ तिच्या वाटीत ओतली.

"आवं, ऱ्हाऊ द्या! तुमास्नी काय उरंल?"

"हाय की माप. हे कवापासनं चाललंय?"

"आमची आई म्हनायची, खालची डाळ बाप्यामाणसांची," रंगूबाई हळूच म्हणाली. "ती पाणीच घ्यायची. मला दुसरं म्हाईतच न्हाई."

आण्णांनी मला पातेल्यात ठेवलं. मग म्हणाले, "मी कवा तुझ्या ताटात बघितलंच न्हाई गं."

ती मान खाली घालून जेवली. वाटी संपेपर्यंत आण्णांनी घास उचलला नाही.

त्या दिवसापासून वाढायचं काम आण्णांचं झालं. तिला चावत नाही म्हणून मटकी मऊ शिजू लागली. हुलग्याचं पातळ, पिता येईल असं माडगं होऊ लागलं. अंडं अर्धं अर्धं वाटलं जाऊ लागलं. गावातले लोक हसले. "आकाराम आता सैपाकघरात बसतो!" आण्णा म्हणायचे, "बसतो. लय उशिरा बसलो."

ताकद एकाएकी आली नाही. पण पावसाळा सरता सरता रंगूबाई आधाराशिवाय उठू लागली. थंडीत ती मळ्यात जाऊन पावट्याच्या शेंगाही तोडून आली.

त्याच थंडीत जयराज आणि क्रांती सुट्टीवर आले. क्रांतीने सगळ्यांना वाढलं आणि स्वतः मागे थांबली. तेव्हा रंगूबाईने तिचा हात धरला. "बस हितं. तुझं पान वाढल्याबिगर आमी जेवणार न्हाई." आणि तिने स्वतः मला तळापर्यंत घालून सुनेची वाटी भरली.

आता माझी कड झिजली आहे. उद्या मोडीत गेले तरी मला खंत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातलं वयस्क माणूस "माझं झालं जेवण" म्हणालं, तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. शेजारी बसा, त्यांच्या ताटात बघा, आणि हाताने वाढा.