शेवटची सोंगटी

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी खेळलेल्या डावाचे गुण अजून जुळवून व्हायचे आहेत, आणि ते जुळवताना आमचं टेबल लांबत चाललं आहे.

तो दिवस साधाच होता. बाबांनी दहीपोहे खाल्ले, जपानमधल्या कोबे बंदरातल्या नोकरीत असताना घेतलेला माहजाँगच्या सोंगट्यांचा डबा काढला आणि आम्ही चौघं बसलो: बाबा, रेवाआत्या, शेजारचे गुर्जरकाका आणि मी. आजारपणानंतर बाबा पहिल्यांदाच जिंकत होते. उरलेली शेवटची सोंगटी त्यांनी उचलली, पाहिली, नको म्हणून खाली ठेवली. मला हवी होती तीच. अशा वेळी ‘रॉन’ म्हणायचं, की डाव आपला. मोठ्यानं म्हणावं लागतं, तेही पुढच्यानं सोंगटी उचलायच्या आत. मनातलं धरत नाहीत. बाबा सोंगटीवर बोट ठेवून माझ्याकडे बघत होते.

“काही म्हणायचंय?”

मी म्हटलं असतं, तर ते पहिले राहिले नसते.

“नाही.”

“बघा, म्हातारा पहिला!” बाबा म्हणाले.

“आजारी माणसाला जिंकू द्यावं लागतं,” काका म्हणाले.

“मग तुम्हीही पडून बघा,” आत्या म्हणाली. “एरवी काही जमत नाही तुम्हाला.”

दुसऱ्या दिवशी आम्ही स्मशानातून परतलो, तेव्हा बाबा त्याच खुर्चीत होते, बोट त्याच सोंगटीवर. आत्यानं पंखा लावला.

“गुण जुळवायचे राहिलेत,” ती म्हणाली.

बसताना प्रत्येकजण पंचवीस हजार गुण घेतो, पण मोजतात तीस हजारांपासून. म्हणजे बसतो तेव्हाच प्रत्येकाला पाच हजार कमी असतात. चौघांची ती तूट पहिल्याला मिळते. काकांनी ती बाबांच्या नावावर धरली. टेबल लांबलं, बाबांची खुर्ची मागे गेली. भिंतीनं वाट दिली.

“बाबा, लागलं का?”

“नाही गं. इथे वारा आहे.”

मग तिसरा आलेला दुसऱ्याला गुण देतो. काकांनी आत्याला दिले, आत्या हातभर मागे सरकली. तिनं पदर सावरला.

“आता तू. चौथ्यानं पहिल्याला द्यायचे.”

मी गुणांच्या काड्या एकेक करून पुढे सारल्या. टेबल गॅलरीतून बाहेर गेलं, समोरच्यांच्या दोरीवरच्या कपड्यांखालून पलीकडे. बाबा लहान दिसू लागले. मला फार झोप येत होती.

“थोड्या राहू देत ना, आत्या.”

“असं कसं? सगळ्यांची बेरीज शून्य यायला हवी.”

“पहिला आलाय तो,” काका म्हणाले. “त्याला जाऊ दे की.”

माझ्या हाताखाली एकच काडी उरली. माझ्यापुढच्या सोंगट्या त्या दिवसासारख्याच उभ्या होत्या. बाबांच्या सोंगटीनंतर कुणाला उचलायला काही उरलंच नव्हतं, त्यामुळे माझी वेळ अजून टळली नव्हती.

“काही म्हणायचंय?” बाबांचा आवाज फार लांबून आला. त्यांनी सोंगटीवरचं बोट उचलायला घेतलं.

“रॉन,” मी मोठ्यानं म्हणाले.