झालं समज

झिपच्या पिशवीत गोठवलेली एक गार. लिंबाहून मोठी. पिशवीवर जाड निळ्या पेनाने लिहिलेलं: 'आर्लीनला दाखवायची. फेकू नये.'

*

माश्या मारायची लाल प्लास्टिकची जाळी. दांड्यावर छापलेलं: कुबिचेक इन्शुरन्स. गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात एक तरी, काही ठिकाणी तीन.

*

धान्याच्या कोठारापाशी, कॉफीच्या टेबलावर कोणीतरी: "विमेवालीने माश्या मारायची जाळीच वाटायची. दुसरं काम काय असतं तिला?"

त्यावर दुसरा कोणी: "तुझं छप्पर उडू दे एकदा. मग बघतो कोण कोणाच्या दारात उभं राहतं."

*

कागदी बशीत हॅमचं सँडविच, खसखस भरलेला गोड पाव, म्हणजे कोलाच, लोणच्याची फोड. बशी ठेवायला टेबल नाही म्हणून ट्रॅक्टरच्या चाकावर ठेवलेली.

*

संगणकाच्या पडद्यावर पिवळी पट्टी: वादळाच्या इशाऱ्यामुळे या भागात नवा विमा घेणे तूर्त बंद आहे.

*

उजवा गुडघा.

*

गुडघा आर्लीन कुबिचेकचा. बापाच्या पश्चात त्याचं ऑफिस तिने चालवायला घेतलं, तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती लोकांच्या छपरांवर चढत आली होती. कंपनीचा माणूस तपासणीला यायच्या आधी आपण बघून यायचं, घाबरलेल्या घरमालकाला खाली उतरून सांगायचं, "मिळेल रे, काळजी करू नकोस." नेब्रास्कातल्या त्या गावात आकाश फार, आणि आकाशातून पडणारंही फार. गुडघा त्यातच गेला.

ती कुठल्या एका कंपनीची नोकर नव्हती. स्वतंत्र एजंट. तीन कंपन्यांचे विमे विकायची, आणि ऑफिसात त्या तिघींची नावं कोणी घेत नसे. एकत्र कुटुंबातल्या सुनांसारख्या त्या मोठी, मधली आणि धाकटी. मधली चिकट, धाकटी लहरी. मोठी रुसली तर चूल बंद, कारण गावातल्या तीन घरांपैकी दोन घरांचा विमा मोठीकडे होता.

धंदा वाढला तो जाहिरातींनी नव्हे. बाप गेला तेव्हा चार शेतकरी आणि एक चर्च एवढीच गिऱ्हाइकं होती. आर्लीन प्रत्येक मयतीला गेली, प्रत्येक लग्नात पोल्का नाचली, बोलिंगच्या संघाला शर्ट शिवून दिले. आणि ती 'हो' म्हणत गेली. एजंटला कंपन्यांनी तसा अधिकारच दिलेला असतो: तो हो म्हणाला की त्या क्षणापासून विमा लागू. कागद मागाहून. शहरातले एजंट हा अधिकार जपून वापरतात. आर्लीनच्या गावात तो चर्चच्या पायऱ्यांवर, पेट्रोलपंपावर, न्हाव्याच्या खुर्चीशेजारी वापरला जाई. कोणीतरी म्हणायचं, नवी गाडी घेतली गं. आर्लीन म्हणायची, "झालं समज." आणि ते झालेलंच असे.

मोठीला हे आवडत नव्हतं. तोंडी दिलेले विमे उशिरा कळवू नका, पुन्हा असं घडलं तर करार संपवू, असं तिने गेल्या वर्षी लिहून कळवलं होतं. भाषा गोड होती. जोलीनने, म्हणजे ऑफिसातल्या दुसऱ्या आणि शेवटच्या माणसाने, ते पत्र वाचून विचारलं होतं, "ही धमकी आहे की वाढदिवसाचं कार्ड?"

या वर्षी मात्र सांभाळून राहायला कारण होतं. लिंकन शहरातल्या, विम्याची बरीच ऑफिसं चालवणाऱ्या एका साखळीला हे ऑफिस विकत हवं होतं. काचेवरचं नाव राहणार होतं, जोलीनची नोकरी राहणार होती, आणि आर्लीन येत्या वसंतात मोकळी होणार होती. गुडघ्याचं ऑपरेशन, आणि त्यानंतर एक अख्खा उन्हाळा आकाशाकडे न बघता. तिला एवढंच हवं होतं. अटही एकच होती: मोठीचा करार शाबूत हवा.

*

रविवारी लाडी स्टेहलिकच्या नातीची शाळा संपल्याची पार्टी. लाडी तिच्याच वर्गातला, मका आणि सोयाबीनवाला, बोलायला लागला की समोरच्याच्या कोपराला धरून ठेवणारा. पार्टी त्याच्या नव्या शेडमध्ये होती. ट्रॅक्टर एका कडेला सरकवले होते, पत्र्याला नव्या रंगाचा वास होता.

"कशी वाटली शेड?"

"तुझ्या घरापेक्षा बरी आहे. इथेच राहायला ये."

"बायको तेच म्हणते. मला एकट्यालाच जा म्हणते." तो हसला, मग कोपर धरून म्हणाला, "अगं, ही पण टाक ना पॉलिसीवर. जुन्या शेडच्या खाली."

"झालं समज."

"सही-बिही?"

"उद्या. आज जेवू दे मला सुखाने."

त्याने तिच्या बशीत आणखी एक कोलाच ठेवला.

*

सोमवार, फोनवर:

"आर्लीन, हे बिल माझंच आहे की सगळ्या गावाचं मिळून पाठवलंस?"

"आर्लीन, पोरीने गाडी कुंपणात घातली. नाही नाही, तिला काही झालं नाही. पण कुंपणही तुझ्याच गिऱ्हाइकाचं आहे, तेव्हा तुम्ही आपसात भांडा."

"गारेला आता निम्मेच पैसे देणार? का? गार निम्मी पडणार आहे का?"

"आर्लीन... आई गेली. पहाटे. कळवायचं म्हणून केला. आणि तिची ती गाडी... ती आता चालवणार कोण, तर विमा काढून टाकायचा असतो का, मला काहीच सुचत नाहीये."

या शेवटच्या फोनवर आर्लीनने पेन खाली ठेवलं. म्हातारी तिच्या आईची मैत्रीण होती. तिने गाडीचं काही विचारलं नाही. आई शेवटचं काय जेवली ते विचारलं. पलीकडची बाई बोलत राहिली, मग रडली, मग पुन्हा बोलली. आर्लीन फोन ठेवून तिच्याकडे गेली, भांडी घासून आली. परत आली तेव्हा दुपार कलली होती.

"पश्चिमेला बघ," जोलीन म्हणाली.

आकाश हिरवट झालं होतं, जुन्या जखमेच्या कडेसारखं. आणि तेव्हा तिला शेड आठवली. ती खुर्चीत बसली, लाडीचं नाव टाकलं. वर पिवळी पट्टी आली. तिने पुन्हा टाकलं. पट्टी हलली नाही.

"काय गं?"

"लाडीची शेड."

जोलीनने हातातला कप हळूच टेबलावर ठेवला. "कधी सांगितली त्याने?"

"काल."

"आणि तू काय म्हणालीस?" असं विचारून तीच म्हणाली, "जाऊ दे. कळलं."

*

सकाळी शेड सोयाबीनच्या शेतात पडलेली होती. सगळी नाही. एक भिंत उभी होती, आणि तिच्यावर नातीसाठी लावलेले फुगे, फुटून लोंबणारे. आर्लीनने चिखलात गाडी थांबवली. लाडी बूट घालून मधोमध उभा होता.

"बरं झालं बाई, परवा तुझ्या कानावर घातलं ते," तो म्हणाला. त्याच्या आवाजात विचारणं नव्हतं. पाऊस थांबला हे सांगावं तसं त्याने ते सांगितलं. "बायको म्हणाली, कागद नाही झाला. मी म्हटलं, आर्लीन हो म्हणाली ना, मग झोप आता."

"झोपली का मग?"

"घोरत होती. मीच जागा."

*

मोठीचा माणूस ब्राइस. ओमाहाहून फोनवर बोलायचा. वाईट पोरगा नव्हता.

"आर्लीन, मी तुमच्या बाजूने आहे, हे आधी सांगतो. दावा बघितला. वादळानंतर कळवलेला तोंडी विमा. वरच्या मजल्यावर तुमची फाइल आधीच उघडी आहे."

"माहीत आहे."

"आता बघा. पार्टी होती. गोंगाट. लोक काय काय बोलतात. तो शेडबद्दल बोलला असेल. तुम्ही म्हणाला असाल, बघते."

"मी 'बघते' म्हणत नाही."

"नीट आठवून बघा ना. एवढी एकच ओळ लिहून पाठवा, की त्याने विषय काढला, तुम्ही होकार दिला नव्हता. बस. दावा नाकारला जाईल, तुमच्यावर काही येणार नाही. तो तुमच्यावर कोर्टात जाईल असं वाटतं का?"

"लाडी? त्याला कोर्टात पार्किंग कुठे करायचं तेही माहीत नाही."

"मग?"

खिडकीबाहेर कोणीतरी तडकलेली पुढची काच टेपने चिकटवून गाडी चालवत गेलं. त्या दिवशी गावात सगळ्यांच्याच काचा तडकलेल्या होत्या.

"मी हो म्हणाले, ब्राइस."

"याचा अर्थ काय होतो, तुम्हाला कळतंय ना?"

"बाळा, तू शाळेत जायला लागायच्या आधीपासून मी तुमच्या कंपनीची पत्रं वाचते आहे. मला त्यांचे अर्थ कळतात."

तो म्हणाला, "मला वाईट वाटतं." ते त्याने मनापासून म्हटलं असावं.

*

जोलीन पाठमोरी बसून सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावरही वळली नाही.

"माझा विचार आला होता मनात?"

"आला होता."

"आणि?"

"आधी हो म्हणून बसले होते."

"गुडघ्याचा?"

"त्याचा तर रोजच येतो."

जोलीनने कपाटाचा खण इतक्या जोरात लावला की वरचं कॅलेंडर पडलं. ते तिने उचललं नाही. "तू मेलीस ना, की तुझ्या थडग्याच्या दगडावर तारीख नाही घालणार मी. नुसतं 'झालं समज' एवढंच कोरून घेईन."

"स्वस्तात पडेल," आर्लीन म्हणाली.

दोघी हसल्या नाहीत. थोड्या वेळाने जोलीनने पुढचा फोन उचलला, "कुबिचेक इन्शुरन्स," आणि तिचा आवाज नेहमीसारखा होता. कोणाची तरी गार फ्रीजरमध्ये होती, आणि ती बघायला कधी येता, असं ते विचारत होते.

*

मोठीने लाडीचा दावा पूर्ण दिला. मोठ्या कंपन्या दिलेला शब्द पाळतात, मग शब्द देणाऱ्याकडे वळतात. पानगळीच्या सुमारास पत्र आलं. वर्षअखेर करार संपत होता. लिंकनच्या लोकांचा फोन त्याच आठवड्यात आला. तेही फार सभ्य होते.

मग गिऱ्हाइकं हलवणं. एकेक घर मधलीच्या गळ्यात घालणं. मधली जुनी छपरं घेत नव्हती, लाकडाच्या शेगड्या घेत नव्हती, कुत्र्याची जात विचारत होती. आर्लीन दारोदार गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलांशी बसून तिने तेच तेच सांगितलं, तीच कॉफी प्यायली. काहींनी समजून घेतलं. काहींनी विचारलं, "पण आमचं काय चुकलं?" जुन्या छपरांच्या लोकांना तिने धाकटीकडे नेलं. धाकटीने निम्मे घेतले.

जोलीनने काउंटीच्या कचेरीत अर्धवेळ काम धरलं. दुपारपर्यंत तिथे, दुपारनंतर इथे. पगाराचा विषय तिने काढला नाही, आर्लीननेही नाही.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी आर्लीनने दाराच्या काचेवरचं मोठीचं चिन्ह खरवडायला घेतलं. बापाच्या काळापासूनचं ते, उन्हाने काचेत भिनलं होतं. दाढीच्या पात्याने तुकडे निघत आणि तिच्या बुटांवर पडत. गुडघ्यामुळे खाली बसता येईना, म्हणून खालची अक्षरं तिने खुर्ची आणून, खुर्चीत बसून काढली. आत फोन वाजला. तिने पातं दाराच्या कडेला ठेवलं आणि उठायला दोन्ही हातांनी चौकट धरली.

त्याच वर्षी जानेवारीत, वादळाच्या कितीतरी आधी, लाडी स्टेहलिकने आपल्या पिकअपचा आणि घरच्या दोन्ही गाड्यांचा विमा स्वस्त पडतो म्हणून फोनवरून दुसरीकडे नेला होता, आणि आर्लीनला ते फेब्रुवारीपासून माहीत होतं.