पातळ टायर

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास वामनराव सर दोन टायर बगलेत धरून धम्मशीलाच्या दारात आले, तेव्हा ती ओट्यावर बसल्या बसल्या झोपली होती. मांडीवर लसीकरणाचं रजिस्टर उघडं, पेनाचं टोपण ओठात तसंच.

"पोरी, झोपली का?"

"नाही सर," ती दचकून म्हणाली आणि टोपण हातात घेतलं. "लिवून राह्यली होती."

मोताळ्यात धम्मशीलाला सगळे ओळखत. जवळच्या गावातल्या उपकेंद्रात ती नर्स होती. वय एकतीस. चार वर्षांपूर्वी तालुक्याच्या स्पर्धेत साधी सायकल घेऊन उतरली आणि कॉलेजच्या पोरींना मागे टाकून पहिली आली. शाळेतून निवृत्त झालेले वामनराव तिथे पंच होते. दुसऱ्याच दिवशी ते घरी येऊन तिच्या नवऱ्याला, अश्वजितला, म्हणाले होते, "ही बाई मले चार वर्ष द्या." अश्वजितची पिठाची गिरणी. तो हसून म्हणाला, "घ्या की सर." आणि खरोखरच त्याने तेव्हापासून सकाळच्या पोळ्या स्वतः टाकायला सुरुवात केली होती.

ती चार वर्षं आता संपत आली होती. पहाटे साडेचारला उठायचं, राजूर घाट चढून बुलढाण्याला जायचं, परत यायचं, अंघोळ करून उपकेंद्र गाठायचं. दिवसभर लसी, बाळंतिणी, रजिस्टरं. संध्याकाळी घरातलं उरलंसुरलं. गेल्या वर्षी निवड शर्यतीत ती चौथी आली. पहिल्या तिघींनाच पुण्याच्या सराव शिबिरात घेतात. फक्त एका चाकाने हुकलं, असं सर वर्षभर सांगत होते.

"जाड टायरनं घात केला मागच्या खेपेले," सर आताही तेच म्हणाले आणि त्यांनी टायरं ओट्यावर ठेवली. "सरावाले बैल, शर्यतीले घोडा! मी तेव्हा घाबरलो, बैलच राहू देला. औंदा नाही."

धम्मशीलाने एक टायर उचललं. सरावाचं टायर म्हणजे कडक, तारेचं, आत काटे अडवायला पट्टी. बाभळीच्या काट्यावरून गेलं तरी ढिम्म. हे मात्र ओल्या टॉवेलसारखं हातात गोळा होत होतं. वजन म्हणून काही नाहीच. असल्या टायरवर घाट अर्धा होतो, हे तिला माहीत होतं. आणि असलं टायर एका टोकदार खड्यालाही हार मानतं, हेही माहीत होतं.

"आज सकाळी गेली होती न घाटाकडं?" सरांनी विचारलं. "रस्ता कसा हाये? माही स्कूटर आठ दिवस झाले गॅरेजात पडली, मी काही तिकडं गेलो नाही."

सकाळीच ती गेली होती. घाटाच्या पायथ्याशी दुरुस्ती चालू होती. डांबर शिंपडून वर बारीक गिट्टी पसरली होती, चांगली दोन किलोमीटर. रोलर अजून फिरायचा होता. जाड टायरखाली ती गिट्टी करकरत होती आणि बाजूला उडत होती.

सांगायला एक वाक्य लागलं असतं. ते वाक्य तिच्या तोंडाशी आलंही. पण त्याच्या मागोमाग दुसराच एक विचार आला आणि तो इतका गार, इतका निवांत होता की ती त्याच्याकडे बघतच राहिली. टायर फुटेल. शर्यत संपेल. कोणी काही म्हणणार नाही. नशीब फुटकं म्हणतील, सर स्वतःला दोष देतील, अश्वजित पाठीवरून हात फिरवेल. आणि पहाटे साडेचारला उठायचं कारण उरणार नाही.

"चांगला हाये," ती म्हणाली.

सरांनी स्वतःच्या हाताने टायरं चढवली. म्हाताऱ्या बोटांनी कड रिममध्ये दाबताना त्यांचा श्वास लागत होता, कपाळावर घाम आला होता. गिरणी बंद करून आलेला अश्वजित पंप मारत होता आणि दर दहा दट्ट्यांनी हवेचा काटा बघत होता. धम्मशीला आत गेली आणि तिने चहा टाकला. दूध उतू गेलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण नुसतं पातेल्याकडे बघत उभे होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मोताळ्याच्या बाहेरून चौदा जणी निघाल्या. घाट चढून बुलढाण्याची वेस, तिथून वळून परत मोताळा. धम्मशीला मधोमध होती. शेवग्याची शेतं, मग कपाशी, मग पुन्हा कपाशी, आणि पुढे काळ्या रस्त्यावर तो करडा पट्टा दिसू लागला.

गिट्टीवर सगळ्यांनीच वेग कमी केला. कोणी ओरडलं, "सांभाळून!" बाकीच्या गाड्यांच्या चाकोरीत, जरा दबलेल्या पट्टीवर एकामागे एक लागल्या. धम्मशीला कडेने गेली, जिथे खडी सैल होती. कानांत फक्त चाकाखालची कटकट. आता फुस्स होईल. आता. खडे फ्रेमवर आपटत होते, एक पोटरीला लागला. पट्टा संपला. टायर गच्च होतं.

मग घाट आला, आणि तिथे तिच्याशी दगाफटका झाला. सायकल वर चढू लागली. वर्षभर ज्या वळणावर तिच्या मांड्या पेटायच्या, ते वळण आलं कधी आणि गेलं कधी कळलं नाही. पाय थकलेलेच होते, डोळे जळत होते, पण खालचं यंत्र तिला ओढून नेत होतं. दोघी मागे पडल्या. मग आणखी तिघी. बुलढाण्याच्या वेशीवर वळताना रस्त्याकडेच्या माणसाने बोटं दाखवली. चौथी.

मागच्या वर्षीसारखीच चौथी! तिला हसू आलं. इथेच थांबावं, चौथीच येऊन घरी जावं, असं मनाशी ठरवून ती घाट उतरू लागली.

पायथ्याशी गिट्टी पुन्हा आली. तिच्यापुढे शेगावकडची राखी नावाची मुलगी होती. करड्या पट्ट्यात शिरताच राखीच्या मागच्या चाकातून बार उडाल्यासारखा आवाज आला. सायकल सापासारखी वळवळली. राखीने कशीबशी ती सावरली, एक पाय टेकला आणि तशीच उभी राहून रडायला लागली. धम्मशीला तिच्या बाजूने पुढे गेली. तिचं टायर काही फुटलं नाही.

ती तिसरी आली.

अश्वजितने तिला सायकलसकट उचलायचंच बाकी ठेवलं होतं. कोणी गुलाल आणला, कोणी ढोलकी. "जयभीम ताई, नाव काढलं मोताळ्याचं!" असं म्हणत बाया गळ्यात पडल्या. धम्मशीला सगळ्यांना हो हो म्हणत राहिली. शिबिर पंधरा दिवसांनी सुरू होणार होतं, पाच महिन्यांचं. ते ऐकलं आणि ती गर्दीतून बाजूला झाली. ती शाळेच्या भिंतीला टेकून खाली बसली.

वामनराव मात्र गर्दीत नव्हते. ते सायकल उलटी करून पुढचं टायर फिरवत होते. रबरात बारीक बारीक चिरा पडल्या होत्या. एका चिरेत गिट्टीची कपची रुतलेली होती. ती त्यांनी नखाने काढली आणि तिच्याजवळ येऊन बसले.

"ही ताजी गिट्टी हाये," ते हळूच म्हणाले. "तू तं म्हणली रस्ता चांगला."

धम्मशीलाला खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

"मले मालूम होतं सर."

"मंग?"

"फुटन म्हणून वाट पाहून राह्यली होती. फुटलं असतं तं सुटली असती."

सर बराच वेळ ती कपची बोटांत फिरवत राहिले. मग त्यांचा आवाज चढला, इतका की जवळच्या दोघी वळून बघू लागल्या.

"अवं, उतारावर पुढचं टायर फुटलं असतं तं मान मोडली असती तुही! समजते का तुले? मी माह्या हातानं चढवलं ते टायर. माह्या हातानं!"

हे तिला सुचलंच नव्हतं. सुटका तिने पाहिली होती, पडणं नव्हतं पाहिलं.

"बोलली काऊन नाही?" सरांचा आवाज पुन्हा खाली आला. "मी काय वाघ हाये का?"

"तुमी वाघ असते तं बोलली असती," ती म्हणाली. "तुमी सगळे इतले चांगले. हे पोळ्या टाकतात, तुमी या वयात माह्यासाठी साडेचारले उठता. कोणत्या तोंडानं सांगू का मी थकली म्हणून?"

"आता?"

"आता नाही जायचं मले शिबिराले."

धम्मशीला उठली. मंडपातल्या टेबलापर्यंतची पन्नास पावलं तिला घाटापेक्षा जड गेली. यादी लिहिणाऱ्या बाईंना वाटलं, ही सही करायला आली. "माझं नाव काढा," ती म्हणाली. बाईंनी तीनदा विचारलं, तिने तीनदा तेच सांगितलं. चौथ्या नंबरावर काजल नावाची खामगावची मुलगी होती. तिला बोलावलं, तेव्हा ती धम्मशीलाकडे अशी बघू लागली की जणू यात काहीतरी डाव असावा.

अश्वजितने सायकल घरी आणून कोपऱ्यात लावली. दोन दिवस त्याने पोळ्याही केल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "मले वाटे, तुले आवडते म्हणून मी करून राह्यलो."

"आवडे. पयले लई आवडे."

"मंग थांबायचं होतं न तवाच."

"हाव," ती म्हणाली. त्याने तिच्या ताटात आणखी थोडी भाजी वाढली.

ती झोपली मात्र. सुटीच्या दिवशी दुपारी झोपली, रात्री झोपली, उपकेंद्रात जेवणाच्या वेळेत डोकं टेकून झोपली. चौकात तिच्या अभिनंदनाचा फलक लागायचा होता, तो लागला नाही. एकदोघींनी तोंडावर विचारलं, लोक काय म्हणत असतील याचा विचार नाही का केला?

दहाव्या दिवशी वामनराव उपकेंद्रात आले. बाया लसीसाठी रांगेत होत्या, ते निमूटपणे शेवटी उभे राहिले. नंबर आला तेव्हा खुर्चीत बसून त्यांनी बाही वर केली.

"बीपी पाह्य जरा. चक्कर येते."

तिने पट्टा बांधला, हवा भरली, कानाला नळी लावून ऐकलं. मग पुन्हा एकदा मोजलं.

"एकशेसत्तर. कवापासून येते चक्कर?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीपासून? अन् तुमी पहाटे थंडीत रस्त्यावर उभे राहत होते माह्यासाठी! बोलले काऊन नाही?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. बाहेर एक पोर सुई टोचल्यावर भोकाड पसरत होतं आणि त्याची आई त्याला फुंकर घालत होती.

"मीठ बंद," धम्मशीला चिठ्ठी लिहीत म्हणाली. "लोणचं बंद. उद्या बुलढाण्याले जाऊन डॉक्टरले दाखवा, आमचे हे नेतील गाडीवर. अन् सकाळी सात वाजेलोक उठायचं नाही."

"सात?" सर म्हणाले. "सात वाजेलोक माणूस करन काय?"

"झोपन," ती म्हणाली आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.