कान बंद, ढोल चालू

फोनवरून ढोल पाठवता येतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, कारण आमच्या रेडिओचे निर्माते सोक साहेब त्यांतलेच. फोनला माणसाचं बोलणं तेवढं कळतं. ढोल त्याच्या लेखी नुसता खडखडाट, तो गिळून टाकतो. म्हणून मी स्वतः जिंदो बेटावर जाऊन ढोलकरी प्यो गुरुजींच्या खोलीत आवाज पाठवणारी आमची पेटी लावून आलो. गावातली इंटरनेटची तार आणि मोबाइल, दोन्हींवरून एकच आवाज पाठवायचा. एकीकडे तुकडा गळला तर दुसरीकडचा उचलायचा. ग्वांगजूच्या स्टुडिओत चामड्यावरची थाप आणि लाकडावरची टिपरी वेगवेगळी ऐकू आली. माझ्या कामाबद्दल मला शंका नव्हतीच.

पंचाईत निराळी होती. पानसोरी या कोरियन कथागायनाला माणसं दोनच, एक गाणारी आणि एक ढोलकरी. गुरुजींचं खुब्याचं हाड मोडलेलं, त्यामुळे प्रवास बंद. गाणाऱ्या मलसूनताईंच्या घशाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. त्यानंतर आवाज राहील की जाईल, डॉक्टर सांगेनात. त्याआधी त्यांना रेडिओवर थेट गायचं होतं, आणि तेही गुरुजींच्याच ढोलावर. दुसऱ्या कोणाचं नाव काढलं की म्हणायच्या, "मग जुनी रेकॉर्ड लावा की. मीही घरी बसून ऐकते."

तालमीत फजिती झाली. आवाजाला तिकडून यायला पाव सेकंद, परत जायला पाव सेकंद. ताई ढोलासाठी थांबत, गुरुजी ताईंसाठी थांबत. दारात 'आधी तुम्ही' करत उभ्या राहिलेल्या दोन पाहुण्यांसारखी गत झाली आणि गाणं रखडलं.

"गुरुजी, हेडफोन काढून ठेवा," मी म्हणालो. "तुम्ही ऐकायचंच नाही, नुसतं वाजवायचं. ताई तुमचा ढोल ऐकून गातील. इथे दोन्ही बरोबर जुळेल."

"यॉम, डोकं फिरलंय का तुमचं?" सोक साहेब म्हणाले. "बहिरा ढोलकरी?"

"आणि दाद कुठे देऊ?" गुरुजींनी विचारलं. मध्येच 'ओल्शिगू' म्हणत गाणारीला उचलून धरणं हेही ढोलकऱ्याचंच काम.

"दरवेळी देता तिथेच."

गुरुजी म्हणाले, "जमेल. हिचा श्वाससुद्धा पाठ आहे मला."

"माझ्या नवऱ्याला मी जेवले की नाही तेही कळत नाही," ताई म्हणाल्या.

प्रसारणाच्या दिवशी 'चला' म्हणालो आणि गुरुजींकडे जाणारा आवाज तोडला. ढोल आला, ताई त्यावर गाऊ लागल्या, दाद नेमकी पडत गेली. मी खुर्चीत ऐटीत मागे टेकलो.

मग ती लांब तान आली. तिथे ढोल थांबतो आणि ताई खाली उतरल्या की पुन्हा पडतो. त्या दिवशी त्या उतरेचनात. तालमीत सोडायच्या ती जागा मागे पडली तरी स्वर धरून उभ्या. आता मध्येच थाप पडणार. थाप पडली नाही.

"लाइन गेली," सोक साहेब कुजबुजले आणि त्यांचा हात जुन्या रेकॉर्डच्या बटणाकडे गेला. मी मनगट धरलं. लाइन जिवंत होती. जिंदोतलं कुत्रं भुंकत होतं, म्हातारा श्वास रोखून बसला होता.

ताई उतरल्या. "ओल्शिगू," गुरुजी हलकेच म्हणाले आणि थाप अगदी जागेवर पडली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

कार्यक्रम संपल्यावर गुरुजींचा आवाज जोडून दिला.

"मी इतकं धरणार हे तुम्हाला कसं कळलं?" ताईंनी विचारलं.

"ऑपरेशन आहे ना तुझं? मीही सोडला नसता तो सूर. मनात मीच धरून बसलो आणि दम संपला तेव्हा वाजवलं."

ताई म्हणाल्या, "आणि माझा आवाज गेला तर?"

"तरी ये," गुरुजी म्हणाले. "समोर बस, मनात गा. मी वाजवीन. मला ऐकू यायची गरज नाही, हे आज कळलंच की."