माळ्यावरची तिसरी ब

फादरांना शाळा वाढवायचं वेड होतं आणि त्यांना आवरणारं त्या चर्चमध्ये कुणी नव्हतं. पहिला वर्ग व्हरांड्यात भरला तेव्हा ऑर्गनवाल्या काकांनीच टाळ्या पिटल्या होत्या. मग फादरांचे पूजेचे झगे ठेवायच्या खोलीत बालवाडी घुसली, पापं कबूल करायच्या खोक्यात भूगोलाचे नकाशे गेले आणि मनोऱ्यात, घंटेच्या बरोबर खाली, दुसरी भरायला लागली. घंटा वाजली की अख्खी दुसरी भोकाड पसरायची. मग काय, दुसरी खाली आणायची? छे! फादरांनी घंटाच उतरवली.

"आता शाळा भरणार-सुटणार कशावर?" काकांनी विचारलं.

"तुमच्यावर. ऑर्गन सगळ्या वर्गांत ऐकू जातो. वाजवा काहीही."

काकांचं डोकं तापलेलं होतं, आणि तापल्या डोक्याने त्यांनी सूर निवडले. मधली सुट्टी संपली की अंत्यविधीचं गीत. वर्गात परतणाऱ्या पोरांच्या तोंडाला तेच शोभत होतं. शाळा सुटायला बिशपच्या स्वागताचं गीत. ते नाहीतरी धूळ खात पडलं होतं. बिशप कित्येक वर्षांत इकडे फिरकले नव्हते. मोठ्या माणसांना गरिबांच्या चर्चचा रस्ता सापडत नाही.

कारभार झकास चालला. एका आजोबांच्या अंत्यविधीला दोन पोरं रस्त्यावरून धावत आली आणि हाताची घडी घालून गप्प बसली. लोक म्हणाले, काय वळण लावलंय शाळेने!

मग फादरांची नजर माळ्याकडे गेली. माळा म्हणजे चर्चच्या दारावरचा लाकडी सज्जा. तिथे ऑर्गन होता आणि मिसरूड फुटल्यापासून काका त्याच्यापुढे बसत आले होते. ना बायको, ना पोर. हक्काची म्हणावी अशी तेवढीच जागा.

"तिसरी ब तिथे बसेल," मोठ्या बाईंनी निकाल दिला. शाळेच्या या मोठ्या बाई म्हणजे काकांची सख्खी थोरली बहीण. "ऑर्गन जाईल गोदामात, विजेची घंटा येईल. बुधवारी बिशपस्वामी येऊन माळ्याला आशीर्वाद देतील, की झालं."

"ताई, माझ्या शवपेटीवर भरव तुझी तिसरी ब!"

"तिथे फळा कुठे टांगू, गधड्या?"

बुधवारी फादरांनी सगळी शाळा चर्चमध्ये कोंबली, गणवेशात, दप्तरांसकट. केवढा पसारा वाढवलाय ते बिशपना दिसायला हवं ना! मागे आईबाप उभे. माळ्यावर काका डोळे पुसत बसले होते. शेवटचं वाजवायचं तर छातीठोक वाजवू, असं ठरवून त्यांनी ऑर्गनची आवाज चढवणारी होती नव्हती तेवढी बटणं ओढली. बिशप दारात आले. काकांनी स्वागताचं गीत सुरू केलं.

दप्तरांच्या चेनी सरसर लागल्या.

"सुटलीऽऽ!"

अख्खी शाळा दाराकडे उधळली, आणि दारात उभे बिशप! पोरं वळणाची, जाताना प्रत्येकाने "गुड बाय, सर" म्हटलं. त्या लोंढ्यात बिशप भोवऱ्यासारखे फिरले, त्यांची उंच टोपी बालवाडीसोबत फाटकापर्यंत जाऊन आली. पोरांमागे आईबापही "अरे थांब, रस्ता आहे!" करत पळाले.

वाजवताना काकांची पाठ खालच्या बाकांकडे असायची. समोरच्या छोट्या आरशात त्यांना खालचं दिसायचं. आरशात रिकामी बाकं दिसली. काकांनी वाजवणं थांबवलं. आता माळाच काय, चर्चच्या पायरीवरही त्यांना कुणी उभं करणार नव्हतं.

ताई धापा टाकत वर आली. "मुद्दाम केलंस!"

"आईशप्पथ नाही!"

"पोरं रस्त्यावर आहेत. परत आण त्यांना!"

"कशी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ताई, अगं बिशपांसमोर अंत्यविधीचं?"

"वाजव म्हणते ना, मेल्या!"

काकांनी वाजवलं. रस्त्यावरून धाडधाड पावलं आली. उशीर करणाऱ्याचा कान ताईच्या हातात जातो, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. बिशप या खेपेला उलटे फिरले. पोरं बाकांवर बसली, हाताची घडी घातली, चिडीचूप. बिशपनी छातीवर हात ठेवून आपण अजून आहोत ना ते तपासलं.

"मी ढीगभर शाळा पाहिल्या," कोणत्या गीताला शाळा सुटते नि कोणत्या गीताला भरते ते फादरांकडून कळल्यावर ते म्हणाले, "पण सुट्टी संपल्यावर धावत परत येणारी पोरं आजच पाहिली. हा ऑर्गन हलवायचा नाही. आणि वाजवणाराही."

"पण स्वामी, तिसरी ब?" फादर काकुळतीला आले.

"तुमची जेवायची खोली केवढी आहे, फादर?"

बिशप निघाले तेव्हा उपकाराच्या भरात काकांचे हात पुन्हा पट्ट्यांकडे गेले. ताईने झाकण धाडकन आपटलं. "खबरदार!"

बिशपना गीताविनाच जावं लागलं.

तिसरी ब आता फादरांच्या जेवणाच्या टेबलाभोवती भरते. फादर चहात बिस्किट बुडवतात तेव्हा पाढे थांबतात, आणि ते बिस्किट कपात पडतं की तोंडात जातं, यावर सगळ्या वर्गाचा जीव टांगलेला असतो. शाळा आणखी वाढवायची भाषा फादरांनी त्यानंतर काढलेली नाही.